सूचना : रविवारी महापौर येत आहेत, निधीपेटीसह तयार राहा

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता महापौर आपल्या सभागृहात येत आहेत. यंदा त्यांनी पाठबळ देण्यासाठी निवडलेल्या धर्मादाय कामांत अंध मुलांच्या वाचनालयाचा समावेश आहे. आपल्याकडचा निधी त्यालाच जाणार आहे. त्या जेमतेम पाऊण तास थांबतील, पुढे त्यांचे आणखी दोन कार्यक्रम आहेत. म्हणून सर्वांनी ९:४५ पर्यंत जागेवर बसावे, ही कळकळीची विनंती.

- देणगी रोख दिलीत तर पावती घेतल्याशिवाय जागा सोडू नका. चेक संस्थेच्या नावाने लिहा, महापौरांच्या नावाने नव्हे.
- पेटी सर्वांसमोर सीलबंद होईल. कार्यक्रमानंतर दोन सभासद मिळून रक्कम मोजतील, दोघेही सही करतील आणि आकडा त्याच दिवशी फलकावर लागेल.
- रस्ता, पाणी, गटार यांच्या तक्रारी लेखी आणा, कार्यवाहांकडे द्या. त्या दिवशी व्यासपीठावर हा विषय नको. मुलांसाठी मिळालेला वेळ मुलांनाच मिळू दे.
- पक्षाचे झेंडे, उपरणी, घोषणा चालणार नाहीत. महापौर साऱ्या शहराच्या असतात.

गेल्या वेळी पेटीच्या फटीत अडकलेली नोट त्यांनी स्वतः वाकून बोटाने आत सारली होती. ती फट या वेळी रुंद करून घेतली आहे.

वाचनालयातली एक मुलगी ब्रेलमधला उतारा बोटांनी वाचून दाखवणार आहे. तेवढा वेळ मोबाईल बंद ठेवा. खुर्च्या लावायला सहा जण हवेत, शनिवारी संध्याकाळपर्यंत नावे कळवा.

— कार्यवाह