फळवाटप पुरे, आठवड्याचा एक तास द्या

महोदय,

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन असो की एखाद्या नेत्याचा वाढदिवस, मनोरुग्णालयात फळवाटप ठरलेलेच. केळी, बिस्किटांचे पुडे, बॅनर आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर छायाचित्र, त्यात रुग्णांचे चेहरे स्वच्छ दिसतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २४ प्रमाणे, मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. वाटणाऱ्यांना हे ठाऊक नसेल एक वेळ, छापणाऱ्यांना असायला हवे.

निवृत्त झाल्यापासून मी राज्यातल्या एका मनोरुग्णालयाच्या महिला कक्षात दर गुरुवारी जाते. तिथे मिठाईचा तुटवडा नाही. उलट काही मानसोपचार औषधांनी वजन आणि साखर वाढते, त्यामुळे पेढ्यांचा बॉक्स आला की सिस्टरच्या कपाळाला आठ्या पडतात. कमतरता आहे ती नेमाने येणाऱ्या माणसाची. सिस्टर आणि मावशींचा दिवस औषधे, आंघोळी, जेवणे यांतच संपतो. कुणाशी पत्ते खेळायला, वर्तमानपत्र वाचून दाखवायला किंवा नुसते शेजारी बसायला कुणाला सवड नसते. पहिले काही आठवडे बायका तुमच्याकडे पाहतही नाहीत. तुम्ही पुन्हा येता, हे पटले की हळूहळू बोलू लागतात.

या बोलण्यातून कधी कधी घराचा पत्ताही लागतो. परप्रांतातून भरकटत आलेल्या बाईला गावाचे नाव नीट सांगता येत नाही, पण जवळचा बाजार, देवीची जत्रा, नदी आठवते. तेलुगू, भोजपुरी, बंगाली बोलणारा स्वयंसेवक इथे फार मोलाचा ठरतो. मिळालेला धागा समाजसेवा अधीक्षकांच्या हाती द्यायचा आणि पुढचे काम त्यांना करू द्यायचे. घरचे नाहीत किंवा नेत नाहीत, एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवू नये, असे याच कायद्याचे कलम १९ सांगते. तरीही बरे झालेले कितीतरी जण आतच आहेत.

हे काम सगळ्यांना जमेल असे नाही. ‘तुला घरी घेऊन जाते’ असे सांत्वनासाठीही म्हणायचे नाही, औषधांबद्दल सल्ला द्यायचा नाही, न विचारता काही भरवायचे नाही, ऐकलेले बाहेर सांगायचे नाही. ज्यांना कक्षात बसणे झेपणार नाही, त्यांनी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात जावे. खेड्यातून पहिल्यांदा आलेल्या नातेवाइकाला केसपेपर कुठे काढायचा, औषधे कोणत्या खिडकीवर मिळतात, हे सांगणारे कुणी असले तर त्याची अर्धी दमछाक वाचते.

अडचण प्रवेशाची आहे. इच्छुकाने नेमके कुणाला भेटायचे, हेच कळत नाही. ओळख असेल तर दार उघडते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांनी स्वयंसेवकांसाठी अर्जाचा नमुना, पोलीस पडताळणी, एक-दोन दिवसांचे प्रशिक्षण आणि ओळखपत्र अशी सरळ पद्धत जाहीर करावी. आणि आपण फळवाटपाच्या छायाचित्राच्या जागी संबंधित अधिकाऱ्याचे पदनाम आणि भेटीची वेळ छापावी, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका