पॅटर्न काढायला शिक, मग सुचेल

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

आई, कॅनव्हासच्या पिशव्या विकायच्या आहेत, पण नवीन काही सुचत नाही, असं तू म्हणालीस. सुचायची वाट बघत बसू नकोस. शिवण तुला येतंच, आता त्याला लागून असलेलं काम शिक: कागदावर पॅटर्न, म्हणजे कापायच्या तुकड्यांचे मापाचे साचे, काढणं. अंदाजाने कापलं की तीच ती पिशवी होते. पॅटर्न हाताशी असला की तळाची रुंदी, बाजूची पट्टी, खिशाची जागा एकेक करून बदलता येते.

सुरुवातीला एकच पिशवी शेवटपर्यंत ने. कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री कर; सुती कॅनव्हास पहिल्या धुण्यात आटतो आणि अस्तर आटलं नाही तर पिशवीला झोळ येतो. कडेला दीड सेंमी माया, म्हणजे शिवणीसाठी जादा कापड, सोड. सुई 16 नंबरची, टाका 3 ते 3.5 मिमी. जाड कापडावर फार बारीक टाके घातले तर भोकांची रांग पडते आणि कापड तिथूनच फाटतं. बंदाचं टोक नुसतं वरच्या कडेला शिवलं तर सगळा भार एका रेषेवर येतो. ते 4 सेंमी खाली घे, चौकोन शिव आणि आत फुली मार. मग 5 किलो वजन घालून पिशवी रात्रभर टांगून ठेव. काय उसवलं, काय ताणलं, आत काय आडवं पडलं, ते लिही. पुढची कल्पना त्या नोंदीतच मिळते. बाटली आडवी पडली ना, तर उभा कप्पा सुचणारच!

बाबा, शिकण्यात वेळ जातो असं तुम्ही म्हणता, ते खरं. वेल्क्रोची चिकटपट्टी शोधणाऱ्या जॉर्ज द मेस्ट्राल यांनी 1941 मध्ये आपल्या कुत्र्याच्या अंगाला चिकटलेली काटेरी बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तेव्हा त्यांवरचे बारीक हुक लगेच दिसले. पण ते इंजिनिअर. कापड विणण्याचं काम त्यांना समजून घ्यावं लागलं. सुती धागा लवकर झिजायचा, नायलॉन टिकला. पेटंट मिळेपर्यंत 1955 उजाडलं. वेल्क्रो असा आला. कुतूहलाला कारागिरीची जोड लागते, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही घड्याळ लावून कापणी, शिलाई, धागे छाटणं यांची मिनिटं वेगवेगळी मांडा. सगळ्यात जास्त वेळ जिथे जातो, त्यावरचा उपाय पुढे शिकायचा.

आई, बंदाच्या चौकोनाचा फोटो उलट्या बाजूने काढून पाठव. तिथे धाग्याचे फासे लोंबत असतील तर वरच्या धाग्याचा ताण वाढवावा लागेल.

तुमची,
लेक