'हायेस्ट पॅकेज' छापता तसं मीडियन पगारही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की आपल्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत अर्ध्या अर्ध्या पानाच्या कॉलेजच्या जाहिराती सुरू होतात, घोडबंदर रोडला आणि पाम बीचला तेच होर्डिंग, टाय लावलेली चार मुलं हसतायत आणि खाली मोठ्या अक्षरात हायेस्ट पॅकेज अमुक लाख. जाहिरातीबद्दल माझी तक्रार नाही, पेपर चालवायला पैसे लागतातच. पण त्याच पुरवणीत 'बीबीए कुठून करावं' असा लेख येतो आणि त्यातही तोच हायेस्ट पॅकेजचा आकडा, तोच फोटो, तेव्हा मात्र लिहावंसं वाटलं. माझी मुलगी यंदा कॉमर्सने बारावी झाली, बिल्डिंगमधली अजून तीन-चार मुलं त्याच रांगेत आहेत, त्यामुळे गेले काही महिने आमच्याकडे चहाबरोबर हाच विषय.

आधी मांडणी सांगते, कारण बऱ्याच पालकांना हे कोणी नीट सांगतच नाही. आपल्या भागातल्या मुलाला मॅनेजमेंटची डिग्री (बीबीए किंवा बीएमएस) करायची तर ढोबळमानाने चार दारं आहेत. एक, मुंबई विद्यापीठाची कॉलेजं, ठाण्याचं जोशी-बेडेकर, मुलुंडचं वझे-केळकर, वाशी-नेरुळ-पनवेलकडची कॉलेजं, आणि तिकडे दक्षिणेला झेवियर्स, जयहिंद वगैरे. दोन, अभिमत (डीम्ड) आणि खासगी विद्यापीठं, म्हणजे पार्ल्याचं नरसी मोनजी (त्यांचाच एक कॅम्पस खारघरला पण आहे), पुण्याचं सिम्बायोसिस, ज्यांची स्वतःची एंट्रन्स असते, एनपॅट आणि सेट. तीन, दिल्ली विद्यापीठ, तिथलं शहीद सुखदेव कॉलेज ऑफ बिझनेस स्टडीज, जिथे सीयूईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून जावं लागतं. आणि चार, आयआयएमचा पाच वर्षांचा आयपीएम, म्हणजे बारावीनंतर थेट एमबीएपर्यंत नेणारा कोर्स, इंदूरने २०११ ला सुरू केला, मग रोहतक, रांची, जम्मू, बोधगया असे बाकीचे आले.

आता या चारांची तुलना करताना लोक रँकिंग बघतात. एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या रँकिंगची, मॅनेजमेंटची जी यादी असते ती मुख्यतः एमबीएवाल्या संस्थांची, बारावीनंतरच्या बीबीएची अशी वेगळी यादीच नाही. एखाद्या विद्यापीठाचं एमबीए वरच्या नंबरात आहे म्हणून त्यांच्या बीबीएच्या मुलाला तेच प्रोफेसर आणि त्याच कंपन्या मिळतील असं अजिबात नाही, कित्येक ठिकाणी कॅम्पससुद्धा वेगळा असतो. पण जाहिरातीत नंबर मोठा आणि तो कसला हे बारीक अक्षरात.

मुंबई विद्यापीठाच्या दारात गोंधळ वेगळाच. बीएमएस इथे १९९९ च्या सुमारास सुरू झालं, पुढे बहुतेक कॉलेजांत बारावीच्या मार्कांवर ॲडमिशन व्हायची, सरळ मामला होता. २०२४-२५ पासून एआयसीटीईने (तांत्रिक आणि मॅनेजमेंट शिक्षणावर देखरेख करणारी केंद्राची संस्था) बीबीए, बीएमएस, बीसीए आपल्या अखत्यारीत घेतलं, राज्याने सीईटी लावली, आणि पहिल्याच वर्षी अशी अवस्था की जागा लाखावर आणि परीक्षेला बसलेली मुलं त्याच्या निम्मीसुद्धा नाहीत, मग परत एक जादा सीईटी घ्यावी लागली. त्यातून सुटायला बऱ्याच कॉलेजांनी बीएमएसचं नाव बदलून बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज केलं, म्हणजे एआयसीटीई नको आणि सीईटीही नको. शिकवणारे तेच, वर्ग तोच. मी कॉलेजांना दोष देत नाही, रिकाम्या वर्गात ते तरी काय करणार, पण आईबापांना हे फॉर्म भरताना कळतं की शेजारच्या दोन कॉलेजांत एकाला सीईटी लागते आणि दुसऱ्याला नाही, आणि ज्याने सीईटीचा फॉर्म भरला नाही त्याचं एक दार तिथेच बंद झालेलं असतं.

आणि हा नुसता नावाचा प्रश्न नाही, पैशाचा पण आहे. जुलै २०२४ मध्ये सरकारने जीआर काढला की ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा), ओबीसी मुलींचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची शिक्षण आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ, पण ती सरकारी कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, ॲडमिशन घेतली तरच, मॅनेजमेंट कोट्याला नाही, आणि अभिमत किंवा खासगी विद्यापीठाला तर नाहीच नाही. म्हणजे बघा, एकाच घरातली मुलगी कॅपमधून वाशीला बीएमएसला गेली तर फी जवळजवळ शून्य आणि खारघरच्या अभिमत विद्यापीठात गेली तर वर्षाला लाखांत. हा फरक किती पालकांना माहीत आहे? आमच्या ऑफिसातल्या दोघांना मी सांगितल्यावर कळलं. ज्यांचं कॉलेज नाव बदलून कॅपच्या बाहेर गेलंय त्यांनी तर ॲडमिशन घ्यायच्या आधी ऑफिसच्या खिडकीत उभं राहून विचारावं की आमच्या कॅटेगरीला कुठली स्कॉलरशिप लागते, आणि उत्तर लेखी मागावं.

आता मुद्द्याचं. प्रत्येक संस्था एनआयआरएफला जी माहिती भरून देते ती तिला स्वतःच्या वेबसाइटवर ठेवावी लागते. कुठेतरी खाली, अगदी तळाला, एनआयआरएफ लिहिलेली लिंक असते, त्यात पीडीएफ. ती उघडा. त्यात तीन वर्षांच्या डिग्रीचा एक तक्ता असतो: पहिल्या वर्षाला किती मुलं घेतली, त्यातली वेळेत पास किती झाली, नोकरी किती जणांना लागली, त्यांचा मीडियन पगार किती आणि पुढे शिकायला किती गेली. मीडियन म्हणजे सगळ्या पगारांची रांग लावली तर बरोब्बर मधल्या मुलाचा पगार, एखाद्या शेठच्या मुलाने काकाच्या कंपनीत वीस लाख घेतले म्हणून हा आकडा हलत नाही, आणि म्हणूनच तो होर्डिंगवर कधी दिसत नाही.

समजा एखाद्या ठिकाणी २४० मुलं आली, २०० वेळेत पास झाली, ५० जणांना नोकरी लागली, मीडियन साडेतीन लाख. हे आकडे मी समजायला घेतलेत, कुठल्या कॉलेजचे नाहीत. आता यातून काय दिसतं? चाळीस मुलं कुठे अडकली? पास झालेल्यातली पुढे शिकायला शंभर गेली म्हटलं तरी पन्नास जणांचं काय झालं? आणि ज्या नोकऱ्या लागल्या त्या साडेतीन लाखांच्या, म्हणजे महिन्याला हातात पंचवीस-सत्तावीस हजार, त्यासाठी तीन वर्षांची फी दहा-बारा लाख भरायची का, हा हिशेब मग आपला आपल्याला करता येतो. कोणी म्हणेल शिक्षण पैशात मोजू नका. अहो मॅनेजमेंटचंच शिक्षण आहे ना, मग मोजायचं नाही तर काय.

एक अडचण आहे ती पण सांगते नाहीतर एखादा प्राध्यापक लगेच उत्तर लिहील. त्या तक्त्यात आर्ट्स, सायन्स, कॉमर्स सगळ्या तीन वर्षांच्या डिग्र्या एकत्र असतात, त्यामुळे फक्त बीएमएसचा आकडा निघत नाही. तो डिपार्टमेंटला विचारावा लागतो. मी विचारला. एका ठिकाणी कोऑर्डिनेटर मॅडमनी रजिस्टर उघडून दाखवलं, कोण कुठे लागलं, कोण सीए करतंय, कोणाचा पत्ता नाही, सगळं. दुसऱ्या एका चकाचक ठिकाणी, एसी रिसेप्शन, कॉफी, तिथे म्हणाले की ते कॉन्फिडेन्शियल आहे आणि हातात ब्रोशर दिलं. छोट्या कॉलेजांनी एनआयआरएफमध्ये भाग घेतलेलाच नसतो, त्यांचा काहीच कागद मिळत नाही, तिथे मग गेल्या वर्षी पास झालेल्या दोन-तीन मुलांना गाठून बोलणं हाच उपाय.

मी महाप्याला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, दर मे-जूनला आमच्याकडे इंटर्न येतात, सगळ्या प्रकारच्या कॉलेजांतून. खरं सांगते, पहिल्या आठवड्यानंतर कुणाचं कॉलेज कुठलं हे कोणी विचारत नाही. एक्सेलमधलं पिव्होट टेबल येतं का, व्हेंडरला नीट मेल लिहिता येतो का, जीएसटीच्या रिटर्नमधला फरक दिसला तर विचारायला येतो का गुपचूप बसतो, हेच बघतात. अर्थात नावाला काहीच किंमत नाही असं म्हणणं पण खोटं होईल, मोठ्या कन्सल्टिंग कंपन्या आणि बँका ठराविक कॉलेजांतच जातात, शहीद सुखदेव, झेवियर्स अशी मोजकी नावं, तिथे नंबर लागत असेल तर जरूर जावं, कर्ज काढावं लागलं तरी विचार करण्यासारखं आहे. माझं म्हणणं त्याच्या खालच्या सगळ्या गर्दीबद्दल आहे. तिथे एका नावात आणि दुसऱ्या नावात कंपनीला फरक दिसत नाही पण फीमध्ये चौपट-पाचपट फरक असतो.

शिवाय यातली बरीच मुलं पुढे एमबीए करणारच. कॅटला (आयआयएमच्या एमबीएची प्रवेश परीक्षा) कुठल्याही शाखेची डिग्री चालते, ओपन, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला पन्नास टक्के, एससी, एसटी आणि दिव्यांगांना पंचेचाळीस, बीबीएच हवं असं कुठेही नाही. म्हणजे बारावीनंतर पंधरा लाख घातले आणि मग एमबीएला परत पंचवीस, हा दुहेरी खर्च आहे. आयपीएमवाले म्हणतात आम्ही हे एकदाच करतो, ते बरोबर आहे, पण इंदूरचा पाच वर्षांचा खर्च तीस लाखांच्या वर जातो आणि सतराव्या वर्षी मुलाला पाच वर्षं बांधून घ्यायचं हे सगळ्यांना जमत नाही.

एक गोष्ट अकरावीच्या पालकांसाठी, कारण बारावीवाल्यांना आता उशीर झालाय. आपल्याकडे कॉमर्सला मॅथ्स सोडून एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घ्यायची पद्धत आहे, क्लासवालेच सांगतात मार्क वाढतात म्हणून. दिल्लीच्या बीएमएसला सीयूईटीत मॅथ्स लागतंच. आयपीएमच्या परीक्षेतही क्वांट, म्हणजे गणित, आहेच. म्हणजे कॉलेज निवडायचा अर्धा निर्णय अकरावीच्या फॉर्मवर होऊन गेलेला असतो आणि तेव्हा कोणी सेमिनार घेत नाही.

सेमिनारवरून आठवलं. वाशीच्या एका हॉलमध्ये फ्री करिअर गायडन्स होतं, आम्ही गेलो. दोन तास ऐकल्यावर लक्षात आलं की मार्गदर्शक साहेब फिरून फिरून त्याच दोन खासगी विद्यापीठांवर येतायत, मुंबई विद्यापीठाचं नाव काढलं की हसायचे. बाहेर टेबलावर त्याच दोन विद्यापीठांचे फॉर्म. आता यात कमिशन असतं की नाही मी सांगू शकत नाही, पण स्पॉन्सर कोण हे बॅनरवर लिहायला काय हरकत होती?

प्रवासाचं पण बोलायला पाहिजे, त्याला ब्रोशरमध्ये जागा नसते. ऐरोलीहून ठाणे ट्रान्स हार्बरने दहा-बारा मिनिटं. ऐरोलीहून पार्लं म्हणजे ठाणे, मग दादर, मग वेस्टर्न, गर्दीच्या वेळी दीड तास सहज, जाऊन येऊन तीन. त्यात सकाळी सातचं लेक्चर असेल तर पाचला घर सोडा. मुलगी म्हणते मैत्रिणी जातात, जातात हो, पण मग इंटर्नशिप कधी करणार आणि कॅटचा क्लास कधी? घराजवळच्या कॉलेजात बारापर्यंत मोकळी झालेली पोरगी ऐरोलीच्याच आयटी पार्कमध्ये अर्धवेळ इंटर्नशिप करू शकते, हे मला तरी मोठं वाटतं. पुण्याला हॉस्टेलचा खर्च फीच्या वर वेगळा धरावा लागतो, तो पण कोणी छापत नाही.

तर संपादक महोदय, विनंती एवढीच. पुढच्या आठवड्यात कॅपचे राउंड सुरू व्हायच्या आत आपल्या वार्ताहराला ठाणे आणि नवी मुंबईतल्या कॉलेजांत पाठवा आणि एकच तक्ता छापा. तीन वर्षांची एकूण फी (त्यात परीक्षा फी, डिपॉझिट, इंडस्ट्रियल व्हिजिट सगळं धरून), ॲडमिशन कॅपमधून की थेट, पहिल्या वर्षाला किती आणि वेळेत पास किती, नोकरी किती जणांना, मीडियन किती. नवीन धोरणात चौथं वर्ष ऑनर्सचं आहे, ते या कॉलेजात प्रत्यक्षात सुरू होणार आहे का हेही विचारा. जे माहिती देणार नाहीत त्यांच्या नावापुढे 'माहिती दिली नाही' असं लिहा, पुरेसं आहे. आणि जाहिरात विभागाची अडचण होत असेल तर पुरवणीत नको, मुख्य अंकात आतल्या पानावर छापा, राशिभविष्याच्या शेजारी चालेल, ते पान आमच्याकडे सगळेच वाचतात.

आपली,
एक पालक, ऐरोली, नवी मुंबई