किमान आवृत्ती निविदेतच लिहा

मा. संपादक,

पेडण्यापासून काणकोणपर्यंत सेवा सोसायट्या, पंचायती, शाळा स्थानिक मुलांकडून पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत सॉफ्टवेअर करून घेऊ शकतात, आणि घ्यावीच. मात्र ते पायथॉनच्या कमीत कमी कोणत्या आवृत्तीवर चालेल, हे एक वाक्य निविदेतून राहून गेले, तर ते फार महागात पडते.

पायथॉनच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण पाच वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. ३.९ ची मुदत ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली, ३.१० ची ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, ३.१२ ची २०२८ पर्यंत. काही वर्षे वापरायचे काम ३.१० वर सुरू करणे आम्हाला पटत नाही, ३.१२ धरावी. उबुंटू या संगणक प्रणालीच्या २४.०४ सोबत तीच येते. २२.०४ वर ३.१० असते, तिथे ३.१२ शेजारी वेगळी बसवावी. मूळची काढून टाकू नये, कारण उबुंटूची स्वतःची साधने तिच्यावर चालतात.

खरी अडचण विंडोज ७ ची. त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती ३.८, आणि तिची मुदत २०२४ मध्येच संपली. चार जुन्या संगणकांसाठी सगळे काम ३.८ वर अडकवून ठेवण्यापेक्षा ते चार संगणक बदलावेत. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी २०२० पासून नाही; तिथे सभासदांची खाती ठेवणेच धोक्याचे.

ठरलेली आवृत्ती प्रकल्पाची माहिती ठेवणाऱ्या पायप्रोजेक्ट फाईलमध्ये ‘रिक्वायर्स-पायथॉन’ या ओळीत पहिल्या दिवसापासून हवी. ती असली की जुन्या पायथॉनवर पिप हे पायथॉनचे बसवणीचे साधन सॉफ्टवेअर बसवूच देत नाही. नसली तर ते बसते आणि नंतर मोडते.

नुसते लिहूनही भागत नाही, चाचणी त्याच आवृत्तीवर घ्यावी लागते. समजा किमान ३.१० जाहीर केली आणि लिहिणाऱ्याकडे ३.१२ आहे. एफ-स्ट्रिंगच्या, म्हणजे आत किमती भरता येणाऱ्या मजकुराच्या, आतबाहेर त्याने एकाच प्रकारचे अवतरणचिन्ह वापरले, तर ३.१० वर ती फाईल सिंटॅक्स एरर, म्हणजे भाषेच्या लेखननियमाची चूक, देते. ही चूक निदान लगेच कळते. टॉमलिब ही सेटिंगच्या फाईली वाचणारी लायब्ररी मात्र ३.११ मध्ये आली. ती फक्त अहवालाच्या भागात मागवली असेल, तर बिघाड महिनाअखेरीस अहवाल काढतानाच उघड होतो. आणखी एक खोच: चाचणी कशी चालवायची हे सांगणाऱ्या यॅमल फाईलमध्ये ३.१० अवतरणचिन्हांत लिहावे, नाहीतर ते दशांश समजून ३.१ वाचले जाते.

पुढे किमान आवृत्ती वाढवायची झाल्यास ती किरकोळ दुरुस्तीसोबत वाढवू नये. सॉफ्टवेअरच्या आधीच्या आवृत्तीतच तसे कळवावे, म्हणजे संस्थेला संगणक तयार करायला वेळ मिळतो.

संगणक अभियंते, फोंडा