गर्जनेमागचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धपटांतून मिळणाऱ्या नेतृत्वाच्या धड्यांविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. त्यातील ‘बॉर्डर’चा दाखला योग्य असला, तरी लेखकाने त्यातून नेमका सर्वांत कमी उपयोगाचा, म्हणजे जोशाचा, धडा उचलला आहे, असे मला वाटते.

लोंगेवालाच्या लढाईवरील 1997 च्या या चित्रपटातील, मेजर चांदपुरींच्या भूमिकेतल्या सनी देओल यांची गर्जना अजूनही सर्वांच्या कानांत आहे. आमच्या कारखान्यातील पर्यवेक्षकांच्या एका शिबिरातही तोच प्रसंग दाखवला गेला होता. दिवे लागताच टाळ्या पडल्या आणि पाहुण्या प्रशिक्षकांनी फळ्यावर ‘जोश’ असा एकच शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

प्रत्यक्षात 4 डिसेंबर 1971 च्या रात्री राजस्थानच्या सीमेजवळील लोंगेवाला ठाण्यावर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्याकडे पंजाब रेजिमेंटच्या 23 व्या बटालियनची जेमतेम 120 जवानांची कंपनी होती आणि रणगाड्यांसह दोन हजारांवर पाकिस्तानी सैन्य त्यांच्यावर चालून येत होते. ठाणे लढवायचे की माघार घ्यायची, हा निर्णय मुख्यालयाने त्यांच्यावरच सोपवला होता. ते थांबले यात शौर्य होतेच, पण हिशेबही होता: रणगाड्यांपुढे उघड्या वाळूत पायी निघालेली माणसे टिपली गेली असती, ठाण्यावर निदान खंदकांचा आडोसा होता. त्यानंतर रणगाडे अगदी जवळ येईपर्यंत त्यांनी जीपवरील तोफा डागू दिल्या नाहीत. ठाण्याभोवतीची काटेरी तार पाहून पुढे सुरुंग पेरले असावेत, या समजुतीने शत्रूही बराच वेळ थबकला. हवाई दलाच्या हंटर लढाऊ विमानांना रात्री हल्ला करता येत नव्हता, त्यामुळे सारी लढाई उजाडेपर्यंत तग धरण्याची होती. पहाटे जैसलमेरहून विमाने आली आणि वाळवंटात रणगाड्यांना लपायला जागा उरली नाही. अंधारात दबा धरून वाट पाहणाऱ्या अधिकाऱ्याला टाळ्या मिळत नाहीत, ही दिग्दर्शकाची अडचण मी समजू शकतो.

त्या वेळचे लष्करप्रमुख जनरल माणेकशा यांच्या जीवनावरील ‘सॅम बहादुर’ (2023) मध्ये मात्र त्याच युद्धाची ही बाजू दिसते. एप्रिल 1971 मध्ये, सैन्याची तयारी नाही आणि पुढे पावसाळा आहे, असे माणेकशा पंतप्रधानांना तोंडावर सांगतात, तो प्रसंग खरे तर शिबिरांत दाखवण्याजोगा आहे.

हे मी अनुभवाने लिहितो. एकदा रात्रपाळीत आमच्या विभागात वायुगळती झाली, तेव्हा पाळीप्रमुखांनी आवाज चढवला नाही. सर्वांना फाटकाबाहेर काढून त्यांनी आधी हजेरीपत्रक मागवले आणि टॉर्चच्या उजेडात एकेक नाव वाचले. एका नावाला ओ आली नाही. तो मदतनीस स्वच्छतागृहात होता आणि त्याला बाहेर काढता आले, ते त्या हजेरीमुळेच.

‘बॉर्डर’मध्ये आपली माणसे एकामागून एक धारातीर्थी पडतात, खऱ्या लोंगेवालात दोन जवान हुतात्मा झाले. सुनील शेट्टी यांनी साकारलेले भैरोसिंग पडद्यावर मरण पावतात, पण सीमा सुरक्षा दलाचे खरे भैरोसिंग राठोड डिसेंबर 2022 पर्यंत हयात होते. शिबिरांत तो प्रसंग जरूर दाखवावा, फक्त टाळ्या थांबल्यावर प्रशिक्षकांनी हा तपशीलही फळ्यावर लिहावा, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त पर्यवेक्षक, चिंचवड