सरकारी जमिनीची यादी गावाला पाहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी साकोली तालुक्यातल्या एका गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, हे माझं रोजचं काम. कुणाच्याही शेताचा सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतो. डिजिटल सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये लागतात. शेतकऱ्याकडे जमीन किती, हिस्सेदार कोण, कोणत्या बँकेचा बोजा चढला आहे, सारं उघडं आहे. पण त्याच गावात सरकारच्या नावावर किती जमीन आहे, कुठे आहे आणि ती कुणाला दिली आहे, हे एका जागी पाहायची सोय सामान्य माणसाला नाही. त्यासाठी हे पत्र.

मध्यंतरी शेळीपालनाच्या बचत गटातल्या बाया केंद्रावर आल्या. "भाऊ, आपल्या गावात सरकारची जागा कुठं कुठं हाय, तेवढं काढून दे ना," एवढंच त्यांचं म्हणणं. चराईची जागा कोणती, हे त्यांना ग्रामसभेत मांडायचं होतं. संकेतस्थळ उघडलं. विभाग नागपूर, जिल्हा, तालुका, गाव, आणि मग ते गट नंबर मागतं. गट नंबर माहीत असता तर त्या आल्याच कशाला असत्या? नावाने शोधायचं म्हटलं तर नोंदी एकसारख्या नाहीत. कुठे मालकाच्या जागी "सरकार" लिहिलं आहे, कुठे "महाराष्ट्र शासन", कुठे खात्याचं नाव. "गुरे चरण" किंवा "झुडपी जंगल" हे शब्द कधी वर असतात, कधी इतर अधिकाराच्या रकान्यात. एकेक नंबर टाकून पाहत बसलं तरी सगळे सापडले याची खात्री देता येत नाही.

मग माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं आणि गावातल्या सर्व सरकारी जमिनींची गटवार यादी मागितली. संबंधित कार्यालयाकडून उत्तर आलं की माहिती एकत्रित स्वरूपात उपलब्ध नाही, विशिष्ट गट नंबर नमूद करावा. संकेतस्थळाने जे विचारलं, तेच कार्यालयाने विचारलं.

हे उत्तर मला मान्य नाही आणि त्याला कारण आहे. विखुरलेली माहिती गोळा करून नवीन यादी बनवून देण्याचं बंधन नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात म्हटलं, आणि कार्यालयं त्याच निकालाचा आधार घेतात. पण सरकारी जमिनीची यादी नव्याने बनवायची नाहीच. ती नोंदवही महसूल खात्याने पिढ्यान्‌पिढ्या ठेवायचीच आहे. गाव नमुना १-ब म्हणजे सरकारी जमिनींची नोंदवही. १-क मध्ये सरकारने वाटप केलेल्या, भोगवटादार वर्ग दोनच्या, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनी. १-ई मध्ये अतिक्रमणं. आपल्या विदर्भात त्याशिवाय निस्तारपत्रक आहे. चराई, सरपण, मुरूम, स्मशान, गुरांचं पाणी यासाठी गावाने कोणती जागा कशी वापरायची हे त्यात लिहिलेलं असतं. मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळापासून चालत आलेला हा कागद महसूल संहितेत कलम १६१ खाली आजही आहे. माझ्या वयाच्या किती जणांनी आपल्या गावचं निस्तारपत्रक डोळ्यांनी पाहिलं आहे?

ग्रामपंचायतीकडेही नमुना २४ ही तिच्या जमिनींची नोंदवही असते आणि नमुना २२ इमारतींसारख्या स्थावर मालमत्तेची. म्हणजे माहिती आहे, आणि रकाने पाडून लिहिलेली आहे. ती फक्त कपाटातून बाहेर यायची आहे.

माहितीचा अधिकार म्हणजे अर्ज करायचा अधिकार, असाच आपल्याकडे समज झाला आहे. २००५ च्या कायद्याचं कलम ४ वेगळं सांगतं. अभिलेखांची सूची करा, ते संगणकावर आणा, आणि लोकांना अर्ज करावाच लागू नये इतकी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करा. सवलती, परवाने, अधिकारपत्रं कुणाला दिली त्याचा तपशीलही याच कलमात येतो. तलावाचा मासेमारीचा ठेका किंवा सरकारी जमिनीचा भाडेपट्टा कुणाकडे आहे, हे मग गुपित कसं राहील? या कलमाच्या अंमलबजावणीवर सतत लक्ष ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २०२३ च्या निकालात केंद्रीय आणि राज्य माहिती आयोगांना बजावलं आहे. तरी आमच्यासारख्यांना दीडशे शब्दांत अर्ज बसवायचा, तीस दिवस थांबायचं, मग पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं अपील आणि तिथे महिनोन्‌महिने तारखेची वाट. रोजमजुरी बुडवून हे कोण करणार?

हे आत्ताच लिहायचं कारण झुडपी जंगल, म्हणजे महसूल नोंदीत त्या नावाने लिहिलेली खुरट्या झुडपांची जमीन. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पूर्व विदर्भातल्या नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतलं झुडपी जंगल हे जंगलच धरलं. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जागा वनक्षेत्राच्या यादीतून वगळायला राज्याने केंद्राची मंजुरी मागायची आहे आणि त्यात पर्यायी वनीकरणाची अट फक्त यावेळेपुरती माफ आहे, त्यानंतर दिलेल्या जागांचं कारण सरकारला द्यावं लागणार आहे. आमच्या भागात शाळा, दवाखाने, घरकुलं, स्मशानभूमी अशा जागांवर उभी आहेत. आपलं घर ज्या गटात आहे तो झुडपी जंगलाच्या यादीत आहे का, जागा कोणत्या वर्षी, कुणाच्या आदेशाने दिली, हे त्या घरातल्या माणसाला कळायला नको? त्याच्या हातात कागद नाही, आणि ज्यांच्याकडे आहे ते गट नंबर विचारतात. गावोगावी तोंडी यादी फिरते आणि लोक घाबरतात.

माजी मालगुजारी तलावांचंही तेच. तलावाच्या पोटात दर उन्हाळ्यात धुरा, म्हणजे शेताचा बांध, थोडा आत सरकतो. पाच-दहा वर्षांनी तिथे धानाची बांधी दिसते. मूळ क्षेत्र किती होतं हे गावाला माहीत नसेल तर बोलणार कोण, आणि कशाच्या जोरावर? गायरान दुसऱ्या कामाला वळवू नये म्हणून महसूल संहितेत कलम २२-अ आहे. पण गायरान कोणतं, तेच ठाऊक नसलेल्या गावाला त्या कलमाचा उपयोग नाही.

एक गोष्ट मला मनापासून टोचते, तीही लिहितो. यादी उघडी केली की पहिला बुलडोझर भूमिहीनाच्या झोपडीवर जाईल, ही भीती खोटी नाही. म्हणून माझं मत असं की अतिक्रमणाच्या नोंदवहीतलं क्षेत्र, गट आणि वर्ष जाहीर व्हावं, राहत्या घराच्या बाबतीत माणसाचं नाव झाकावं. भाडेपट्टे, ठेके, संस्थांना दिलेल्या जागा यांत मात्र नाव हवंच. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं आणि "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार देणं सोपं झालं. पण गायरानाचा गट नंबर ही कुणाची वैयक्तिक माहिती नाही. शिवाय मोठं जनहित असेल तर माहिती द्यावी, हे कलम ८(२) अजून जागेवर आहे. उलट भीतीपोटी यादी झाकली तर त्या झोपडीवाल्याचंच नुकसान होतं. वनहक्काचा दावा असो की १९९६ पूर्वीच्या वाटपाचा पुरावा, त्यालाच हा कागद सर्वांत जास्त लागतो.

जिल्हाधिकाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. प्रत्येक गावचा १-ब, १-क आणि नावं झाकलेला १-ई जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकावा, निस्तारपत्रक आणि झुडपी जंगलाची गटवार यादी त्यासोबत जोडावी. तिरकं स्कॅन केलेलं, अक्षर न लागणारं पान नको. गावाच्या नावाने किंवा गट नंबराने शोधता येईल अशी फाइल हवी. तीच यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ग्राम महसूल अधिकाऱ्यांनी, म्हणजे तलाठ्यांनी, वाचून दाखवावी.

तोवर वाचकांना एक सांगतो. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद अशा ठिकाणी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहता येतात. तिथे गट नंबराने माहिती मागू नका, "आमच्या गावचा नमुना १-ब दाखवा" असं म्हणा. पाहून झाल्यावर प्रत हवी असेल तर तिथेच माहिती अधिकाराचा अर्ज द्या, पानाला दोन रुपये पडतात.

आपला,
एक सेवा केंद्र चालक
ता. साकोली, जि. भंडारा