दहा तोंडे मोजून लावा

संपादक महोदय,

दसरा जवळ आला की शाळांच्या आणि मंडळांच्या रामकथेसाठी रावणाची तोंडे बनू लागतात. पहिली चूक मोजणीतच होते. नटाच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच लावली की अकरा होतात, चार-चार लावली की नऊ. चार आणि पाच लावली तर आकडा जुळतो, पण पाचाची बाजू जड होऊन कलते आणि नट प्रवेशभर ती हाताने सावरत राहतो. चार-चार बाजूंना घ्यावीत आणि उरलेले एक डोक्यावर, मधोमध. थायलंडच्या खोन नाट्यातल्या मुखवट्यात ही तोंडे मुकुटातच मजल्यांसारखी रचतात.

सहा इंची तोंडे शेजारी-शेजारी मांडली तर नटाच्या चेहऱ्यासकट रुंदी साडेचार फुटांवर जाते. प्रत्येक तोंड आतल्या तोंडाखाली दोन इंच सरकवले की ती सव्वातीन फुटांवर येते, आणि दिसतेही भरगच्च. रांग मुकुटाला मुळीच बांधू नये. नटाने मान वळवली की सगळी रांग फिरते आणि शेजारच्या बिभीषणाला लागते. बांबूची हलकी चौकट पाठीवर, दोन पट्टे खांद्यांवरून, तिसरा कमरेला. तोंडे रद्दीच्या पाच-सहा थरांची, खळीने चिकटवलेली. दर दोन थरांनी सावलीत वाळवावे. घाई केली तर आत ओल राहते आणि वाळताना नाक वाकडे होते.

आता मुख्य तोंड. तिथे काजळ फासून, सुळे लावून, गडगडाटी हसवून मोकळे होतात, याचे फार वाईट वाटते. कथकळीतला रावण ‘कत्ती’ वेषाचा. त्याच्या चेहऱ्याचा मूळ रंग हिरवा, म्हणजे नायकांचाच. त्यावर गालांवर वर वळलेला तांबडा पट्टा आणि नाकाच्या शेंड्यावर पांढरा गोळा. थोरवी आणि उन्माद एकाच चेहऱ्यावर! वेरूळच्या कैलास लेण्यात तो डोंगराखालच्या पोकळीत, सगळे हात पसरून कैलास उचलतो आहे. वर पार्वती शंकराला बिलगली आहे, दासी पळते आहे आणि शंकर नुसता पाय दाबतो आहे. शिल्पकाराने रावणाचे बळ जराही कमी दाखवलेले नाही. वाल्मीकींचा हनुमानसुद्धा दरबारात त्याला पाहून ‘अहो रूपमहो धैर्यम्’ म्हणतो, आणि अधर्म बलवान नसता तर हा देवलोकाचाही रक्षक झाला असता, असे त्याच्या मनात येते.

म्हणून दर दसऱ्याला मोबाइलवर फिरणारा ‘रावणाने सीतेला हातही लावला नाही’ हा मजकूर मात्र खरा मानू नये. अरण्यकांडात तो डाव्या हाताने तिचे केस आणि उजव्याने मांड्या धरून तिला उचलतो. पर्णकुटी जमिनीसकट उचलून नेण्याची कथा कंबनाच्या तमिळ रामायणातली. मंडळांनी ती जरूर करावी, रंगमंचावर सोयीचीही आहे: चाकांच्या फळीवर कुटी उभारून आतून ढकलता येते. फक्त निवेदकाने कंबनाचे नाव घ्यावे.

– एक नेपथ्यकार, सावंतवाडी